केरीचं तोंड

आमच्या घरात सोमवारी बैलांना जू लावत नसत. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. त्या दिवशी बैल गोठ्यात निवांत रवंथ करत बसायचे आणि त्यांच्या पुण्याईनं माणसांनाही थोडी उसंत मिळायची. गावात आमच्यासारखी शिवभक्तांची घरं जास्त. मराठ्यांची आणि धनगरांची त्या मानानं कमी, पण सोमवार सगळेच पाळायचे. इतक्या वर्षांत त्या मोकळ्या दिवसाचं काय करावं असा विचार कुणी केला नव्हता. तो सुभेदार तात्यांनी केला. तात्या सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेले. चावडीपुढं उभं राहून साधं बोलले तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. तिथंच एका रविवारी संध्याकाळी ते म्हणाले, "सोमवारी बैल मोकळं, म्हंजे माणसंबी मोकळी. घरटी एक माणूस घेऊन उद्या गुड्ड्यावर चला. बसून काय करणार हायसा?"

गुड्डा म्हणजे डोंगर. आमचं गाव गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या अंगाला. तिथं बोलताना एक पाय मराठीत आणि एक कन्नडमध्ये असायचा. गावाचं नावच कल्लहळ. कल्ल म्हणजे दगड आणि हळ्ळ म्हणजे ओढा. त्यातले दगड आम्हाला रोज दिसायचे. ओढा पावसाळ्यात चार सरी पडल्या की मातीसकट धावत यायचा आणि पाऊस उघडला की कोरडा पडायचा. गुड्डा उघडाबोडका. पूर्वी त्याच्यावर दाट झाडी होती असं म्हातारी माणसं सांगायची. पण कुऱ्हाडींनी आणि शेरडांनी मिळून त्याचं पार टक्कल केलं होतं. दिवाळी सरली की विहिरी तळ गाठायच्या आणि शिमग्यानंतर टँकरची वाट बघणं सुरू व्हायचं.

मी तेव्हा दहावी झालेली, पुढं शिकायला न गेलेली, लग्नाचं बघायला सुरुवात व्हायच्या आधीची मुलगी होते. धाकटा भाऊ गडहिंग्लजला बोर्डिंगात. म्हणजे घरटी एक माणूस द्यायचं झालं तर आमच्या घरातून मीच मोकळी. अप्पांच्या कपाळावर आठी पडली होती. गड्यांबरोबर पोरीनं खोरं मारायचं हे त्यांना पटेना. पण अव्वानं, म्हणजे आईनं, आदल्या दिवशीच माझ्यासाठी जुनं खोरं काढून त्याला नवा दांडा बसवून घेतला होता. ती म्हणाली, "पाणी आणायला पोरी चालत्यात, तर पाण्यासाठी खणायला का नको?" अप्पा यावर काही बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलायचे. त्यांचं होकाराचं आणि नकाराचं गप्प बसणं वेगवेगळं असायचं, आणि ते फक्त अव्वाला ओळखता यायचं.

आमचं घर एकत्र. अप्पा, अव्वा, अप्पांचे धाकटे भाऊ इराप्पा, ज्यांना आम्ही चिकप्पा म्हणायचो, आणि त्यांची बायको चिकव्वा, त्यांची दोन लहान पोरं. घराला वास कायम गुळाचा. गावाबाहेर आमचं गुऱ्हाळ होतं आणि ते सगळं चिकप्पांच्या हातात होतं. हंगामात ते घरी जेवायलाही यायचे नाहीत. मी भाकरी घेऊन जायची, तेव्हा ते उकळत्या रसाच्या काहिलीच्या कडेला घामानं निथळत उभे असायचे. उसाच्या कांडीवर गरम गूळ गुंडाळून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "खा की, भाजंल म्हणून भितीस काय?" चिकप्पांचा आवाज घरात सगळ्यांत मोठा आणि हात सगळ्यांत सढळ. आजही गुळाच्या दुकानावरून जाताना मला पहिल्यांदा त्यांची आठवण येते, मग गुळाची.

अव्वाचा दिवस पहाटे विहिरीवर सुरू व्हायचा. पाण्याची पहिली कळशी घरात आली की ती स्नान करून लिंगपूजेला बसायची. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं. पूजेशिवाय अन्नाला शिवायचं नाही. तांब्यावरून तळहातावर पडणाऱ्या धारेचा तो बारीक आवाज आमच्या घरातली पहिली जाग. त्यानंतर भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग गोठ्यातल्या घंटा. न्याहारीला जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. हुलग्याचं कट, म्हणजे हुलग्याच्या पाण्याची आमटी, ज्या दिवशी असेल त्या दिवशी चिकप्पा एक भाकरी जास्त मागायचे. उन्हाळ्यात मात्र हे सगळं बदलायचं. टँकर कधी दुपारी यायचा, कधी यायचाच नाही. अव्वाची पूजा लांबायची, तिचं जेवण लांबायचं. ती तक्रार करायची नाही. आदल्या दिवशीचं वाटीभर पाणी फडक्यानं झाकून ठेवायची आणि तेवढ्यात पूजा आटपायची. ती धार तेव्हा ऐकूच यायची नाही.

गुड्ड्यावरचं काम मला आवडलं. हे मी घरी सांगितलं नाही, कारण कष्टाचं काम आवडलं म्हणणं वेडेपणाचं दिसलं असतं. उताराला आडवे, लांबच लांब चर खणायचे, म्हणजे वरून आलेलं पाणी पळून न जाता तिथंच थांबेल आणि जमिनीत मुरेल. ओघळींत दगड रचून छोटे बांध घालायचे. तात्या पुढं दोरी घेऊन, मागं आम्ही सगळे. माझ्या शेजारी नेहमी मालू असायची. खालच्या आळीतली, माझ्याच वयाची. हात चालवायची त्याच्या दुप्पट तोंड चालवायची. "आपण लगीन करून जाणार दुसरीकडं, आणि हितलं पाणी पिणार भावांच्या बायका. काय म्हणून खणतोय गं आपण?" असं म्हणायची आणि खणतच राहायची. धनगरांना गुड्ड्यावर शेरडं सोडायची बंदी झाली, तेव्हा मोठी भांडणं झाली. शेवटी असं ठरलं, की शेरडं वर न्यायची नाहीत, गवत कापून खाली आणायचं. पहिल्या वर्षी गवतच नव्हतं, तेव्हा ज्याच्या त्याच्या शेताचा बांध त्यांना चराईला मोकळा ठेवला. आमच्या बांधावर बाळू धनगराची शेरडं यायची. अव्वा त्याला ताक द्यायची.

दोन पावसाळे गेले. चरांत पाणी थांबलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. गवत गुडघ्याएवढं झालं. विहिरींना थोडा जीव आला, टँकर उशिरा सुरू झाला. पण सुरू झालाच. कारण गुड्ड्याच्या पायथ्याला जिथं तीन ओघळी येऊन मिळत होत्या, तिथं पाणी घटकाभरही थांबत नव्हतं. ते तिथून सरळ निघून जायचं. हे का होतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण ती जागा आमची होती.

त्या शेताला आम्ही केरी म्हणायचो. केरी म्हणजे तळं. लहानपणी मला कधी प्रश्नही पडला नाही, की उसाच्या शेताला तळं का म्हणतात. माझ्या अज्जाच्या, म्हणजे आजोबांच्या, तरुणपणी तिथं खरंच पाणी असायचं. कुणी बांधलेलं नव्हतं ते. गुड्ड्याच्या पायाशी मोठा खोलगट भाग होता, कडेनं काळा खडक. तीन ओघळींचं पाणी तिथं येऊन साठायचं, कडेला लव्हाळी वाढायची आणि काठोकाठ भरलं की खडकावरून सांडून पुढं ओढ्याला लागायचं. अज्जानं पहारीनं त्या खडकाला तोंड पाडलं. पाणी वाहून गेलं, खाली शतकांचा गाळ उघडा पडला आणि त्यात जो ऊस आला, तो बघायला म्हणे हद्दीपलीकडची माणसं यायची. आमचं गुऱ्हाळ, आमचं दगडी घर, अप्पांचं आणि चिकप्पांचं लग्न, सगळं त्या शेतातून निघालं होतं.

तात्या एका संध्याकाळी घरी आले. सोप्यावर बसले. अव्वानं पाणी दिलं. त्या दिवसांत पाहुण्याला अर्धाच तांब्या द्यायची पद्धत पडली होती, आणि पाहुणाही तो पुरवून प्यायचा. तात्यांनी आवाज जमेल तेवढा खाली आणला होता.

"शिवाण्णा, मी फिरवून बोलत न्हाई. गुड्ड्याचं काम झालं. आता केरीचं तोंड बुजवल्याबिगर पाणी थांबायचं न्हाई."

अप्पा जमिनीकडं बघत राहिले. चिकप्पा आतून हात पुसत बाहेर आले.

"काय म्हणतासा तात्या? केरी बुजवायची?"

"केरी न्हवं. तोंड."

"एकच की ते. तोंड बुजलं की ऊस बुडला. ऊस बुडला की गुऱ्हाळ बुडलं. गुऱ्हाळ बुडल्यावर मी काय करू, तेबी सांगून टाका."

"इराप्पा, तुजं नुकसान हाय. मी न्हाई कुठं म्हणतोय?"

"मग गावानं आपापल्या रानात तळी खणावीत. आमच्याच ताटातली भाकरी का दिसती सगळ्यांस्नी?"

तात्या उठले. "दिसती, कारण डोंगराचं पाणी तुमच्याच ताटात येतंय. देवानं तिथं तळं केलंतं. मी काय करू त्याला?" एवढं बोलून ते अप्पांकडं वळले. "शिवाण्णा, सातबारा तुमच्या नावावर हाय. जबरदस्ती न्हाई. न्हाई म्हणालात तरी मी उद्या रामराम करायचा सोडणार न्हाई."

ते गेल्यावर अव्वानं तांब्या उचलून आत नेला. चिकप्पांची बाजू मला खोटी वाटली नव्हती, आजही वाटत नाही. त्यांनी त्या शेतात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. अज्जानं खडक फोडला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मालू विहिरीत पडली. टँकर आला की गावविहिरीत पाणी ओतायचा आणि बायका चारी बाजूंनी पोहरे सोडायच्या. पाणी तळाशी, गाळ व्हायच्या आत जेवढं मिळेल तेवढं ओढायचं, म्हणून रेटारेटी. मी आणि अव्वा एका बाजूला होतो. समोरच्या बाजूला मालू काठाच्या दगडावर उभी राहून दोर ओढत होती. मागून रेटा आला की दगडच निसटला, मला सांगता येणार नाही. ती दिसेनाशी झाली आणि तिचा दोर काठावरून सळसळत तिच्या मागं गेला. मग बायकांचा जो आवाज झाला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायला मिळूही नये. बाळू धनगर जवळच होता. तो दोराला धरून खाली उतरला. टँकरनं नुकतंच ओतलेलं पाणी होतं म्हणून ती वाचली. पाणी थोडंच होतं म्हणून तिचा पाय मोडला. वर काढल्यावर अव्वानं स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून तो पाय बांधला. टँकरच्याच केबिनमध्ये बसवून तिला गडहिंग्लजला नेलं. पाय जुळला, पण आखूड झाला.

अव्वा त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी आली. आमच्या कळश्या विहिरीवरच राहिल्या होत्या. शेजारणीनं पाणी आणून दिलं. अव्वानं अंग धुतलं, पाट मांडला, विभूती ठेवली, आणि नुसतीच बसून राहिली. पूजा नाही म्हणून जेवण नाही. दुपार कलली तरी ती तशीच. मी जवळ गेले तर म्हणाली, "हातावर लिंग घेतलं की त्या पोरीचं हात दिसत्यात गं मला." शेवटी अप्पा तिच्यासमोर येऊन बसले. नवऱ्यानं असं बायकोपुढं जमिनीवर बसलेलं मी आमच्या घरात तोवर बघितलं नव्हतं. चिकप्पा दारात उभे होते.

अव्वा म्हणाली, "केरी सोडूया."

अप्पा म्हणाले, "बाबांनी हाताची सालं काढून केलेलं रान हाय ते."

"मामंजींनी पोरांच्या पोटाला लागतंय म्हणून फोडलं. मी त्यास्नी नावं ठेवत न्हाई. त्यांच्या टायमाला गुड्ड्यावर झाडी हुती, विहिरी भरल्या हुत्या. पाणी संपंल हे त्यास्नी काय ठावं? आपल्याला ठावं हाय."

"वैनी," चिकप्पा दारातूनच म्हणाले, "मालूचं मलाबी वाईट वाटतंय. पण ती आमच्या उसानं पडली न्हाई."

"न्हाई पडली," अव्वा म्हणाली. "पण उद्या पडणारी आपल्यामुळं थांबंल, तर थांबवायची का न्हाई, तेवढंच सांग."

चिकप्पा दारातून मागं सरले. ते पायताण घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी अप्पा सकाळीच केरीकडं गेले आणि न्याहारीला परत आले नाहीत. मी भाकरी घेऊन गेले. ते खडकाच्या त्या फोडलेल्या तोंडाशी बसले होते. ऊस तेव्हा हिरवागार, कमरेएवढा. मी भाकरी सोडून पुढं ठेवली. त्यांनी तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"गौरा, मी हितं पोहायला शिकलो."

मला आधी कळलंच नाही. आजूबाजूला सगळा ऊस.

"लई लहान हुतो. बाबांनी पाठीला भोपळं बांधून सोडलंतं. मग एक दिवस बाबा पहार घेऊन आलं. पाणी निघून चाललं तवा मासं उघडं पडून तडफडत हुतं. मी रडलो. बाबांनी थोबाडीत दिली." ते थोडं हसले. "बाबांचंबी डोळं भरलंतं. मी बघितलंतं ते."

मग ते भाकरी खायला लागले. एवढं बोलताना मी त्यांना आयुष्यात दोनचारदाच ऐकलं असेल. त्यांनी खाऊन हात झटकले आणि म्हणाले, "तात्यांस्नी सांग, ऊस तुटू दे. मग बुजवू."

पुढचा हंगाम आमच्या गुऱ्हाळाचा शेवटचा. चिकप्पांनी तो कुठंही हात आखडता न घेता पार पाडला. गूळ तसाच पिवळाधमक, आल्यागेल्याला काकवी तशीच. फक्त त्यांचा आवाज गेला होता. शेवटची काहील उतरली त्या दिवशी त्यांनी मला गरम गूळ दिला, पण भाजंल म्हणून भितीस काय, असं विचारलं नाही. आठवड्याभरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. हातकणंगल्याला मेहुण्याची शेती होती, तिकडं बघतो म्हणाले. चिकव्वा अव्वाच्या गळ्यात पडून रडली. पोरं एसटीत बसायला मिळणार म्हणून खुशीत. चिकप्पा अप्पांच्या पाया पडले, अव्वाच्या पाया पडले, आणि पुन्हा काही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. गेली ती गाडी आमच्या घरातला आवाज घेऊन गेली. त्यानंतर कितीतरी दिवस अव्वा हुलग्याचं कट करायचंच टाळायची.

केरीचं तोंड सोमवारीच बुजवलं. तालुक्याच्या कचेरीतून एक तरुण इंजिनिअर आले होते. तोंड किती उंचीपर्यंत भरायचं आणि जादा पाणी खडकावरून पहिल्यासारखं कुठून सांडू द्यायचं, हे त्यांनी चुन्यानं आखून दिलं. दगड गुड्ड्यावरचेच. दगडांच्या मधे भरायला गाळाची चिकण माती. ती माती बैलांनी तुडवून घ्यायची असते, पण सोमवारी बैल कोण जुंपणार? मग माणसांनीच तुडवली. बायका एका रांगेत, गडी एका रांगेत, घोट्याएवढ्या चिखलात एकमेकांचे खांदे धरून. कुणीतरी जात्यावरची ओवी धरली, दुसऱ्या रांगेनं कन्नडमधलं काहीतरी धरलं, आणि दोन्ही एकदमच चाललं. मालूला तिच्या भावानं बैलगाडीत... नव्हे, पाठीवर बसवून आणली होती. सोमवारची गाडी तरी कोण जोडणार. ती बाभळीखाली बसून सगळ्यांना सूचना करत होती. पहिला दगड अप्पांनी ठेवावा असं तात्या म्हणाले. अप्पांनी तो अव्वाच्या हातात दिला. तिला एकटीला तो पेलेना, म्हणून दोघांनी मिळून ठेवला. मी त्या दोघांना एकत्र काही उचलताना पाहिलेलं हे एकच चित्र माझ्याजवळ आहे. आता दोघंही नाहीत.

पाणी काही एका रात्रीत भरलं नाही. कथेत भरतं तसं भरेल असं मला वाटायचं आणि मी रोज बघून यायची. आधी उसाच्या बुडख्यांमध्ये नुसतं चमकायचं. मग बुडखे दिसेनासे झाले. गणपती येईपर्यंत खडकाच्या कडेला लागलं आणि एका सकाळी बाळू धनगर पळत आला, म्हणाला, सांडलं. आम्ही सगळे बघायला गेलो. अज्जानं फोडायच्या आधी जिथून सांडायचं तिथूनच पाणी अलगद उतरत होतं. ते गढूळ नव्हतं. गुड्ड्यानं गाळून दिलेलं स्वच्छ पाणी. तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "बघा. काय अवघड हुतं?" त्या वर्षी दिवाळीनंतरही ओढा वाहत राहिला. केरीच्या खालच्या अंगाच्या विहिरींना आधी पाझर लागले, मग गावविहिरीला. शिमगा झाला, पाडवा झाला, आणि टँकर आला नाही. टँकर आला नाही ही बातमी कशी द्यायची हे कुणाला कळेना, म्हणून कुणी दिलीच नाही. एक दिवस फक्त लक्षात आलं, की सकाळी घरात पुन्हा धार ऐकू येते आहे.

आता मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहते. नळाला पाणी येतं, खालच्या मजल्यावरची माणसं गाड्या धुतात आणि पावसाळ्यात याच शहरात पुराचं पाणी शिरतं, तेव्हा लोक पाण्याला शिव्या घालतात. मी कुणाला शिकवायला जात नाही. पण ज्यांनी मला पाण्याची किंमत शिकवली त्यांची नावं मी मनात घेते. त्यात अव्वा, अप्पा आणि तात्या आहेत, बाळू धनगर आहे, ज्याच्या शेरडांनी एक अख्खं वर्ष अर्धपोटी काढलं. मालू आहे. ती गडहिंग्लजला बांगड्यांचं दुकान चालवते. फोनवर तिचा आवाज अजून तसाच दणदणीत. परवा म्हणाली, "माझा एक पाय घेतला आन् गावाला ओढा दिला. सौदा बरा हाय की." मी गप्प झाले तर म्हणाली, "रडतीस काय? मी हसायला बोलले."

पण या सगळ्यांत सर्वांत मोठं देणं दिलं, ते चिकप्पांनी, असं मला वय वाढेल तसं वाटायला लागलं आहे. अव्वाअप्पांनी शेत दिलं, पण ते मनानं दिलं. चिकप्पांकडून ते न विचारता गेलं, आणि तरी त्यांनी भावावर कोर्टकचेरी केली नाही, भाऊबंदांत वाईट शब्द काढला नाही. ते फक्त आले नाहीत. सणाला नाही, जत्रेला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा अप्पा स्वतः हातकणंगल्याला पत्रिका घेऊन गेले. परत येऊन म्हणाले, "बघतो म्हणाला." लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चिकव्वा आणि पोरं एसटीतून उतरली. चिकप्पा त्यांच्यात नव्हते. चिकव्वा म्हणाली, वेशीत उतरले आणि परस्पर कुठं गेले कुणास ठाऊक. अव्वाला ठाऊक होतं. हळद लागलेल्या पोरीनं बाहेर पडायचं नसतं, पण तिनं मलाच पाठवलं. "तुला न्हाई म्हणायचं न्हाईत," म्हणाली.

ते केरीवर होते. बुजवलेल्या तोंडावर बसलेले, पाय पाण्यात. पलीकडं लव्हाळ्यात पाणकोंबड्या फिरत होत्या. दोन वर्षांत केस बरेच पिकले होते.

"चिकप्पा, अव्वा जेवायला बोलावतीया."

त्यांनी माझ्याकडं, माझ्या हळदीच्या अंगाकडं बघितलं. "ऊस लई चांगला यायचा गं हितं."

"व्हय."

"तसा परत कुठं बघितला न्हाई मी." ते पाण्याकडं बघत राहिले. "तिकडं पोरं शाळंत सांगत्यात, आमच्या गावाला आमचं तळं हाय म्हणून. मास्तरनं मला विचारलं, खरं हाय का हो? काय सांगू त्याला?"

"काय सांगितलंत?"

"आता खोटं कसं बोलू? हाय म्हणालो." पाण्यात पाय हलवत म्हणाले, "आमचंच हाय म्हणालो."

मग त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं, आणि माझ्याबरोबर घरी आले. अव्वानं पाट मांडला. हुलग्याचं कट केलं होतं, ते वाढलं. चिकप्पांनी भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या आणि पंगती बसल्या. कोल्हापूरची वऱ्हाडी मंडळी, त्यांना आमच्या भागातल्या पाणीटंचाईच्या गोष्टी ऐकून माहीत होत्या. ती बिचारी जपून अर्ध्याअर्ध्या पेल्यानं पाणी पीत होती. वाढायला पोरं होती, भावकी होती. पण चिकप्पांनी धोतर वर खोचलं, भरलेली मोठी घागर खांद्यावर घेतली आणि तांब्या हातात धरून पंगतीत शिरले. आमच्या घरातला तो हरवलेला आवाज मी बोहल्याजवळ बसल्या बसल्या ऐकला. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक पेल्यापाशी वाकून ते म्हणत होते, "घ्या की पावणं, भरून घ्या. लाजताय कशाला? पाणी हाय आमच्यात."